गालावरची यादी

क्रीम म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी एका वाक्यात सांगत असे: तेलाचं आणि पाण्याचं बळेबळे लावून दिलेलं लग्न. सत्तर टक्के पाणी, वीस टक्के तेल आणि मेण, दोघांनी काडीमोड घेऊ नये म्हणून एक मध्यस्थ रसायन, बुरशी धरू नये म्हणून आणखी एक, आणि उरलेल्या जागेत सुगंध आणि थापा. डबीवरची घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहावी लागते. पण एक टक्क्याच्या खाली गेलं की क्रम हवा तसा लावता येतो. त्या एक टक्क्याच्या उकिरड्यात केशर, मोती, सोनं, हिमालयातली कुठलीशी मुळी, सगळे मानकऱ्यांसारखे पुढच्या रांगेत बसवलेले असतात. लोक ते वाचतात आणि भक्तिभावानं गालाला लावतात. या धंद्यात मी तेवीस वर्षं काढली होती. माणसांविषयी माझं मत बरं राहण्याचं काही कारण नव्हतं.

मी वृंदा देगावकर. भोसरीतल्या एका कंपनीनं ‘जिन्नस’ नावाचं यंत्र बाजारात आणलं, त्याचा मेंदू माझा.

यंत्र लिपस्टिकएवढं. त्यामागचं तत्त्व शंभर वर्षांपूर्वीचं, आपल्याच देशात सापडलेलं. पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला, तर जवळजवळ सगळा त्याच रंगाचा परत येतो. पण प्रकाशाच्या कोट्यवधी कणांमागे एखादा कण रेणूला धडकून रंग किंचित बदलून येतो. किती बदलणार, ते त्या रेणूच्या ठेवणीवर ठरतं. म्हणजे तो बदल हा रेणूच्या अंगठ्याचा ठसाच. अडचणी दोन होत्या. हा बदललेला प्रकाश फार क्षीण असतो. त्यासाठी यंत्राच्या टोकाला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा मुलामा दिला, त्यानं तो लाखो पटींनी वाढतो. दुसरी अडचण, क्रीममधले तीस-चाळीस घटक एकदम बोलतात. त्या गलक्यातून एकेकाचा आवाज ओळखायचा तर आधी प्रत्येकाचा आवाज माहीत हवा. अकरा हजार घटकांचे ते ठसे मी नऊ वर्षं बसून गोळा केले. दोन डब्यांना टोक लावा, मोबाइलवर दोन याद्या शेजारीशेजारी येतात आणि खाली एक ओळ: ‘९७ टक्के सारखे.’

पहिल्या महिन्यातच देशभर कळलं, की किराणा दुकानातली साधी डबी आणि काचेच्या कपाटातली पाचपट किमतीची डबी ही एकाच हंड्यातली आहे. मला वाटलं, आता काचेची कपाटं फुटतील. काही फुटलं नाही. लोक सारखेपणाचे फोटो एकमेकांना पाठवून हसले आणि महागाचीच डबी घेत राहिले. आमच्या सोसायटीतल्या एक बाई मला म्हणाल्या, “सारखं असेल हो, पण हिचा वास कसा श्रीमंत आहे!” मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

कंपनीचा मालक निरंजन सबनीस. वय चौतीस, पांढरे बूट. एके सकाळी तो माझ्या टेबलाशी आला.

“मॅडम, हे डबीवर चालतं. गालावर चालेल?”

मी त्याला समजावून सांगितलं. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, विटांच्या भिंतीसारखा. तिच्यावर जे चोपडाल ते विटांच्या सांध्यांत पंधरवडाभर साठून राहतं. प्रकाश आणखी खोल पाठवला तर आतल्या कोलॅजेनची, म्हणजे कातडीला ताण देणाऱ्या तंतूंची, जाडीही मोजता येते. वर्षानुवर्षं स्टेरॉइड लावणाऱ्यांचे हे तंतू विरळ होतात.

“म्हणजे पंधरा दिवसांत काय लावलं ते कळेल, आणि वर्षानुवर्षं काय लावलं तेही कळेल?”

“अंदाज येईल.”

“त्वचारोगाच्या डॉक्टरांना किती उपयोग होईल!” तो म्हणाला.

चार महिन्यांत मी ते करून दिलं. डॉक्टरांसाठी केलं असं पुढे मी सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे, दुसऱ्या कुणाला जमलं नसतं म्हणून केलं.

वर्षाच्या आत लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर पत्रिकेशेजारी नवा रकाना आला: ‘चेहरा-अहवाल’. यंत्र एकदा गालाला लागलं की चेहऱ्याच्या ओळखीसकट नोंद आमच्या सर्व्हरवर जाई आणि सात वर्षं राही. मी सबनीसच्या केबिनमध्ये गेले.

“तुम्ही डॉक्टरांसाठी म्हणाला होतात.”

“डॉक्टरांनी सात यंत्रं घेतली, मॅडम. विवाहमंडळांनी चाळीस हजार. आणि आपण खोटं तर काही सांगत नाही ना?”

मला त्याची किळस आली. पण जे पकडले जातील त्यांचाही काही पुळका नव्हता. रंग उजळवायला औषधी मलमं फासणारे मूर्ख आणि ती फासून लपवणारे लबाड. पकडले जाऊ देत. मी जागेवर येऊन बसले आणि काम सुरू केलं.

माझी धाकटी बहीण नलिनी परभणीत असते. नवरा गेल्यापासून तिनं घराच्या पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर चालवलं आणि एकुलत्या एका मुलीला, केतकीला, वाढवलं. केतकी सत्तावीस वर्षांची, भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक. दिवसभर उन्हात शेतं मोजायची. मावशी म्हणून माझा तिच्यावर जीव होता. पण मी परभणीला वर्षातून एकदा जाई, तेही घाईत.

ऑगस्टमध्ये नलूचा फोन आला. केतकीला बघायला नांदेडहून माणसं आली होती. चहा झाला, मुलगा बरा बोलला, दोघं हसलीही. मग मुलाच्या आईनं पर्समधून जिन्नस काढलं. “घाबरू नकोस गं, सगळ्यांचंच करतो आम्ही,” असं म्हणून तिनं ते केतकीच्या गालाला लावलं. मोबाइलवर लाल अक्षरांत तीन नावं आली: क्लोबेटासोल, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. खाली, ‘दीर्घ वापर: नऊ वर्षांहून अधिक.’ त्या बाईला पहिलं नाव चार प्रयत्नांतही वाचता आलं नाही. ते काय आहे, कशासाठी लावतात, तिनं विचारलंही नाही. लाल आहे एवढं तिला पुरलं. माणसं उठून गेली.

मी दोघींना पुण्याला बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात नलूनं पिशवीतून एक पांढरी डबी काढून ओट्यावर ठेवली. तिच्या पार्लरचं ‘स्पेशल क्रीम’. तीन ट्यूब बोटानं एकत्र कालवून तिनंच केलेलं. अर्धी परभणी ते लावत होती. केतकी सतरा वर्षांची असल्यापासून लावत होती.

“क्लोबेटासोल!” मी ओरडले. “अगं, जहाल स्टेरॉइड आहे ते! तळपायाच्या जाड कातडीवर देतात, तेही मोजके दिवस! तू पोरीच्या तोंडाला दहा वर्षं चोळलंस? एकदा तरी वाचलंस का ट्यूबवर काय लिहिलंय?”

“वाचलं होतं.”

“मग?”

“कळलं नाही.”

“कुणाला विचारायचं होतं!”

नलूनं माझ्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही. “तुला विचारलं होतं, ताई. माझ्या लग्नाच्या आधी मानेवर इसब उठलं होतं. तू तेव्हा औषध कंपनीत होतीस. पहिली ट्यूब तूच आणून दिलीस. मी म्हटलं, यात काय असतं गं? तू म्हणालीस, सांगून तुला कळणार आहे का? लाव.”

“मी मानेला दिली होती. आठ दिवसांसाठी.”

“आठ दिवस असं नाही सांगितलंस. दोन दिवसांत मान स्वच्छ झाली. उरलेली गालाला लावली, तर गाल असे चकाकले की सगळे म्हणाले, नवरीला तेज आलंय. पार्लर काढलं तेव्हा मला तेवढं एकच औषध माहीत होतं.”

केतकी दारात उभी होती. तिनं ओट्यावरची डबी उचलली आणि कचऱ्याच्या बादलीत टाकली. “आता पुढचं सांग, मावशी. बंद केलं तर काय होईल?”

पहिल्यांदाच मी आमच्या घरात कुणाला तरी नीट सांगितलं. स्टेरॉइड चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं, म्हणून लाली दिसत नाही, चेहरा उजळ वाटतो. दहा वर्षं आवळून धरलेलं एकदम सोडलं की त्या सगळ्या एकदम उघडतात. चेहरा पेटतो, सुजतो, सोलतो. सहा महिने, कदाचित वर्ष. कातडी पातळ झालेली असल्यानं ऊन तर सहनच होणार नाही.

“आणि नाही सोडलं तर?”

“तर आणखी पातळ होत जाईल.”

“मग सोडते,” ती म्हणाली.

तिनं रजा टाकली आणि माझ्याकडे राहिली. डॉक्टरांनी औषधं दिली, पण मुख्य इलाज थांबणं हाच होता. तिसऱ्या आठवड्यात तिचा चेहरा भट्टीसमोर धरल्यासारखा झाला. पापण्या सुजून डोळे बारीक झाले. ती ओला पंचा तोंडावर घेऊन पंख्याखाली पडून राही, आणि कार्यालयातून फोन आला की पंचा बाजूला करून कुणाला तरी हद्दीच्या खुणा समजावून सांगे. नलू तिच्या उशाशी बसे आणि माझ्याकडे न बघता बोले.

दुसरं स्थळ नलूनंच काढलं. कंधारकर, पुण्यात स्थायिक, मुलगा हृषीकेश बँकेत. केतकी म्हणाली, “येऊ देत. जशी आहे तशी बघू देत, अहवालासकट. ज्याला चालेल त्याला चालेल.”

त्या दुपारी नलू माझ्या मागे गॅलरीत आली. “ताई, तुझंच यंत्र आहे ना? तिचं नाव पुसून टाक. एवढं कर.”

मला तिला नकार द्यायचा होता. फसवे अहवाल, खोटी लेबलं यांच्यावर मी आयुष्यभर थुंकत आले होते. पण ते पंख्याखाली पडलेलं पोर दिसत होतं, आणि पहिली ट्यूब माझी होती.

नोंद पुसता येत नव्हती. पण एक चोरवाट होती. यंत्र तपासायला प्रयोगशाळेत काही स्वयंसेवकांचे चेहरे ‘संदर्भ-चेहरे’ म्हणून नोंदवलेले असत. त्या चेहऱ्यावर जे असेल ते शून्य धरायचं, असं यंत्राला सांगितलेलं असे. संदर्भ-चेहऱ्याला डांबर फासलं तरी अहवाल ‘स्वच्छ’ येई. सोमवारी सकाळी मी माझ्या सहीनं केतकीचा चेहरा त्या यादीत घातला. दोन मिनिटं लागली. केतकीला सांगितलं नाही.

कंधारकर रविवारी अकराला आले. आई, वडील, मुलगा. केतकी बाहेर आली. गालांवर लाल-जांभळे चट्टे, हनुवटीवर सोललेले पापुद्रे, पापण्या अजून जड. दारातल्या आंधळ्यालाही कळलं असतं की या मुलीच्या चेहऱ्याला काहीतरी झालंय. मिसेस कंधारकरांचा चहाचा कप वाटेतच थांबला. मुलगा मोबाइलमध्ये होता.

“आधी तुमचं यंत्र लावा,” केतकी म्हणाली. “मग मी सगळं सांगते.”

टोक गालाला लागलं. मोबाइलवर हिरवी खूण आली. ‘स्वच्छ. बाह्य घटक: शून्य. त्वचेची जाडी: उत्तम.’

पुढे जे झालं ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. मिसेस कंधारकरांनी मोबाइल पाहिला. मग केतकीचा चेहरा पाहिला. मग पुन्हा मोबाइल पाहिला. आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

“अय्या! म्हणजे ही लाली उपजतच आहे!” त्या नवऱ्याकडे वळल्या. “काश्मीरकडच्या मुलींची असते बघा, तशी!”

“रक्त चांगलं असल्याचं लक्षण,” वडील म्हणाले. त्यांनी चष्मा लावला होता, तरी म्हणाले.

हृषीकेशनं मान वर करून हिरवी खूण पाहिली आणि हसून म्हणाला, “नाइस.”

नलू घाईनं लाडूची बशी पुढे करत होती. केतकी माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं.

“हे खोटं आहे,” ती म्हणाली. “मी दहा वर्षं स्टेरॉइडचं क्रीम लावलंय. महिन्यापूर्वी बंद केलं, म्हणून चेहरा असा झालाय.”

“पण अहवालात तर—”

“अहवाल माझ्या मावशीनं बदललाय. ती त्या कंपनीत आहे. काकू, तुमच्यासमोर बसलेय मी. बघा ना माझ्याकडे.”

त्यांनी बघितलं नाही. हृषीकेशनं यंत्र पुन्हा एकदा तिच्या गालाला लावलं, खात्री करायला. पुन्हा हिरवी खूण आली. तो गोंधळून आईकडे बघत राहिला. वडील उठले. चपला घालून तिघं जिन्यापाशी गेले. मी दार लावणार, तोच मिसेस कंधारकर मागे फिरल्या आणि माझ्या अगदी जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, “रागावू नका हं. माझ्या धाकटीचंही यंदा बघायचंय. तिचं असं... करून द्याल का?”

मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. ते करण्याचाही मला अधिकार नव्हता. त्यांनी मागितलं ते मी आठवड्यापूर्वीच केलं होतं.

आत केतकी खुर्चीवर बसली होती. “मला का नाही विचारलंस?”

“तुझ्या भल्यासाठीच—”

“आईनंही भल्यासाठीच लावलं होतं, मावशी.”

दुसऱ्या दिवशी तिचं नाव काढायला मी ती यादी उघडली. आधीच्या सोमवारी घाईत मी पूर्ण यादी पाहिलीच नव्हती. प्रयोगशाळेतले स्वयंसेवक चोवीस होते. यादीत नावं होती एकशे सदतीस. दोन नट्या, एका पुढाऱ्याच्या तीन मुली, सबनीसची बहीण. खोटं काही सांगत नाही ना, असं मला विचारताना त्याचे डोळे जरासुद्धा हलले नव्हते, ते आठवलं. मी त्याला गुन्हेगार समजले असते, पण सगळ्यात ताजी नोंद माझ्या सहीची होती.

मी सगळं लेखी दिलं, माझ्या सहीच्या नोंदीसकट, औषध प्रशासनाला आणि दोन वर्तमानपत्रांना. नोकरी गेली. चौकशीत माझंही नाव आलं, यायलाच हवं होतं. पंधरा दिवस बोंबाबोंब झाली. कंपनी बंद पडली आणि तीन महिन्यांत त्याच पत्त्यावर नव्या नावानं उघडली. नव्या यंत्राची जाहिरात होती: ‘आता आणखी विश्वासार्ह.’ लोकांनी रांगा लावल्या.

केतकी डिसेंबरात परभणीला परतली. मोठी टोपी, तोंडाला सुती ओढणी, आणि खांद्यावर मोजणीचं यंत्र. कातडी पूर्वीसारखी व्हायला आणखी वेळ लागणार होता. काही पूर्ववत होणारही नव्हती. नलूनं स्पेशल क्रीम बंद केलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती आता त्यात काय होतं ते सांगे, आणि हळूहळू कसं थांबायचं ते विचारायला डॉक्टरांकडे पाठवी. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं.

मार्चमध्ये मी महिनाभर तिच्याकडे राहायला गेले. एका दुपारी पार्लरमध्ये विशीची एक मुलगी आली. एका हातात रिकामी पांढरी डबी, दुसऱ्या हातात नवं यंत्र.

“काकू, क्रीम संपलं.”

“बंद केलंय ते,” नलू म्हणाली. “काय होतं त्यात, माहीत आहे का तुला?”

“माहीत आहे की ओ. यंत्रानं सांगितलं.” तिनं मोबाइल वर धरला आणि न अडखळता वाचलं, “क्लोबेटासोल, शून्य पूर्णांक शून्य दोन टक्के. हायड्रोक्विनोन एक टक्का. ट्रेटिनॉइन. मी नेटवर सगळं वाचलंय त्याच्याबद्दल.” उच्चार माझ्याहून स्वच्छ होते.

आतून केतकी आली. तिनं ओढणी काढली आणि शेजारच्या खुर्चीवर, खिडकीच्या उजेडात, त्या मुलीसमोर बसली. गालांवर अजून चट्टे होते आणि कातडीखालच्या बारीक लाल शिरा मोजता येत होत्या.

“हे बघ,” ती म्हणाली. “ते बंद केल्यावर असं होतं.”

मुलीनं वाकून अगदी जवळून पाहिलं. बोट लावून पाहिलं. क्षणभर मला वाटलं, पोहोचलं.

“मग बंदच नाही करणार ना मी,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली आणि डबी नलूपुढे धरली. “थोडंच द्या. बावीस तारखेला साखरपुडा आहे.”

नलूनं डबी घेतली. बेसिनच्या नळाखाली धरली, साबण लावून आतून-बाहेरून घासली, फडक्यानं कोरडी पुसली आणि तिच्या हातात परत ठेवली.

मुलीनं झाकण उघडून आत बघितलं. मग यंत्राचं टोक डबीच्या तळाला टेकवलं, काही उरलंय का बघायला.